उपकाराविना झालेली बदली

आमच्या घरात सात मतं आहेत आणि ती सगळी आईची आहेत. कायदा तसं म्हणत नाही. पण कायदा आमच्या केरासिया गावाचा डोंगर चढून कधी आलेला नाही. निवडणुकीच्या आदल्या दिवशी आई मतांची वाटणी करते. तीन ऐक्य पक्षाला (हा पक्ष आजवर चारदा फुटला), दोन परिवर्तन पक्षाला (हा तीन पिढ्या एकाच घराण्याकडे आहे) आणि एक संयम पक्षाला. सातवं तिचं स्वतःचं. ते कुठे जातं ते देवाला ठाऊक. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. आईच्या मते माणसं बुडतात ती तिसरा दगड शोधत नाहीत म्हणून.

घरात शिस्त आहे. केंद्रावर प्रत्येकाच्या हाती सगळ्या पक्षांच्या मतपत्रिका देतात. एक पाकिटात घालायची, उरलेल्या टोपलीत टाकायच्या. आम्ही उरलेल्या घरी आणतो. आई चष्मा लावून त्या तपासते आणि कोणती कमी आहे त्यावरून कोण कुठे गेलं ते ओळखते. आमच्याकडे मतदान गुप्तच असतं. घराबाहेर एक अक्षर जात नाही.

एवढा खटाटोप सध्या देस्पिनाच्या बदलीसाठी चालला होता. देस्पिना म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, स्तेर्गिओसची बायको. ती परिचारिका आहे आणि सरकारने तिला अशा बेटावर ठेवलं आहे, जिथे सकाळी तुर्कस्तानातले कोंबडे आरवलेले ऐकू येतात. तिची पाच वर्षांची मुलगी फोतिनी आमच्याकडे माझ्या आईच्या कुशीत झोपते. देस्पिनाचं नाव गावच्या मतदारयादीत असल्याने तिला मतदानाला इथे यावं लागतं. म्हणून ईस्टर, ऑगस्टची सुट्टी आणि निवडणूक, एवढ्याच वेळी पोरीला आई दिसते. निवडणुका मनापासून आवडणारी ती पोर देशातली एकमेव नागरिक असावी.

मे महिन्यात मतदान झालं आणि बहुमत कुणालाच मिळालं नाही. राष्ट्राध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे तिन्ही नेत्यांना पाळीपाळीने सरकार जमतं का ते चाचपायला तीन-तीन दिवस दिले. नेते हसत आत गेले, हसत बाहेर आले, आणि आपण देशासाठी काय काय नाकारलं ते त्यांनी सांगितलं. शेवटी एका वयोवृद्ध न्यायाधीशांना काळजीवाहू पंतप्रधान नेमून जूनमध्ये फेरनिवडणूक ठरली.

आणि मग आमच्या घराण्यात कधी न घडलेली गोष्ट घडली. आरोग्य मंत्रालयातून फोन आला. तो मीच घेतला, कारण मी निवृत्त पोस्टमन. निरोप घेणं अजून सुटलेलं नाही.

"देस्पिनाबाई बदलीच्या यादीत पहिल्या आल्यात," पलीकडची बाई म्हणाली. "दुर्गम भागातली नोकरी, लहान मूल, सगळे गुण धरून. तुमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात सोमवारी रुजू व्हायचं."

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"कुणी नाही. नियमाने झालं."

"ते कळलं हो. पण कुणी?"

तिने फोन ठेवला. मी आईला सांगितलं. संध्याकाळी देस्पिना फोनवर आनंदाने रडत होती, तेव्हा आईने ते रडणं मध्येच थांबवलं.

"सही कुणाची आहे गं?"

"कोण्या न्यायाधीशांची, सासूबाई."

"म्हणजे महिन्याभरात घरी जाणाऱ्या माणसाची. उद्या कुणी ही बदली रद्द केली तर भांडायचं कुणाशी? आपल्यावर उपकारच नाहीत कुणाचे!"

"अहो, पण माझा नंबर पहिला आहे."

"म्हणून तर भीती वाटते."

देस्पिना मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना." मी सांगणार होतो. पण चाळीस वर्षं पत्रं वाटताना या डोंगरात ओळखीशिवाय लागलेली नोकरी मी पाहिली नव्हती, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास फक्त चर्चमध्ये ठेवायचा असतो. मी ऐक्य पक्षाचे इथले उमेदवार झिसिस वकील यांना फोन लावला.

वकीलसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. "माझ्याशिवाय बदली? ऐन निवडणुकीत? आर्गिरिस, तुमच्या आईला मी माझी आई मानतो हो! लोक म्हणतील, झिसिस संपला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "घाबरू नका. आधी ही थांबवतो, मग रीतसर करून देतो."

आणि ते शब्दाला जागले. यादीवर कुणीतरी हरकत घेतली आणि नवं सरकार येईपर्यंत तिला स्थगिती मिळाली. आईने त्यांच्याकडे चीजचा डबा धाडला. त्या रात्री घरातले सगळे निर्धास्त झोपले. बेटावर काय झालं ते आम्ही विचारलं नाही.

जूनमध्ये आईचे तिन्ही दगड पाण्यावर आले. ऐक्य, परिवर्तन आणि संयम यांनी मिळून सरकार केलं. मतांच्या वाटणीत आई किती धोरणी, म्हणून गाव तिला बघायला आलं. सरकारात ठरलं, की लोकांच्या दर सात कामांतली चार ऐक्यने करायची, दोन परिवर्तनने, एक संयमने. आमच्या घरातून तिघांनाही मतं गेली होती, त्यामुळे देस्पिना आपल्याच वाट्याची, असा तिघांनीही दावा लावला. प्रकरण तिन्ही पक्षांच्या समन्वय समितीपुढे गेलं आणि समितीने तोडगा काढला: रुग्णालयात जागा देण्याचं श्रेय ऐक्यला, रुजू करून घेण्याचं परिवर्तनला आणि बेटावरून मोकळं करण्याचं संयमला.

पहिल्या दोघांनी आठवड्यात काम केलं. जिल्हा रुग्णालयात देस्पिनाची कामाची पाळी लागली आणि ती बेटावर असल्यामुळे तिला गैरहजेरीबद्दल खुलासा विचारण्यात आला. संयमच्या मंत्र्यांकडे मी स्वतः गेलो. आईच्या वाटणीत संयमचं मत माझ्याकडे होतं, म्हणजे अखेर ते माझ्या मताचे मंत्री.

"वशिल्याला आमचा तत्त्वतः विरोध आहे," ते म्हणाले.

"साहेब, हा वशिला नाही. मुळात तिचा हक्कच होता."

"मग हक्काच्या कामाला माझ्याकडे कशाला आलात?"

घरी आलो तर फोतिनी अंगणात चेरीच्या बिया दूर कोण थुंकतं ते स्वतःशीच खेळत होती. "काका, आई आली?" तिने विचारलं. मला माझी लाज वाटली. तेवढ्यापुरती.

शरद ऋतूत संयम पक्ष तत्त्वासाठी सरकारातून बाहेर पडला आणि सरकार कोसळलं. दूरदर्शनवर तज्ज्ञ माना हलवत असताना फोतिनीने टाळ्या पिटल्या. तेव्हा कळलं, की दर रविवारी चर्चमध्ये पोर मेणबत्ती लावत होती ती सरकार पडावं म्हणून. आई तिला ओरडली नाही. तोंड फिरवून बराच वेळ डोळे पुसत राहिली.

पुन्हा काळजीवाहू न्यायाधीश आले. देस्पिना मतदानाला घरी आली आणि त्याच दिवशी तोच फोन आला: यादी पुन्हा लागलीय, नाव पहिलं आहे, सोमवारी रुजू व्हा. देस्पिना सगळ्यांसमोर उभी राहिली. "या वेळी कुणी कुणाला फोन करायचा नाही. माझ्या पोरीची शपथ आहे." आईने शपथ घेतली. मी घेतली. सगळ्यांनी घेतली.

सोमवारी सकाळी मंत्रालयातली तीच बाई फोनवर वैतागून मला म्हणाली, "अहो, किती फोन कराल? आई झाल्या, भाऊ झाले, आता तुम्ही. सगळ्यात आधी तर खुद्द देस्पिनाबाईंचा आला. विचारत होत्या, हे पक्कं कुणाकडून करून घ्यायचं? एवढ्या चौकश्या आल्या म्हणून वरिष्ठांना संशय आलाय. यादी चौकशीला गेली."

देस्पिना दुपारच्या गाडीने बंदराकडे निघाली. फोतिनी तिच्या कोटाला धरून रस्त्याच्या वळणापर्यंत गेली.

तुम्ही हसताय. हसा. पण एवढं वाचलंत म्हणजे भले माणूस दिसता, म्हणून विचारतो: वरती कुणी ओळखीचं आहे का? तुमच्या मनात आत्ता एक नाव आलं ना? तेच. जरा बोलून बघता का?