मयताला घरी बसवणाऱ्या बोरस्तेबाई

इन्स्पेक्टर बोरस्तेबाईंना एकच खोड होती. मेलेल्या माणसाला त्या एकदा परत घरी आणून बसवत.

म्हणजे काय करत, ते सांगतो. एखाद्या घरात खून झाला, पंचनामा उरकला, प्रेत गेलं, रडारड ओसरली, की काही दिवसांनी बाई आपली माणसं घेऊन त्या घरी पुन्हा जात. घरच्यांना शांतपणे सांगत, "रोजचं चालू द्या." मग हवालदार बागूलांकडे वळत. "बागूल, तुम्ही मयत. बसा." बागूल टोपी काढून मयताच्या नेहमीच्या जागी बसत आणि घर खुनाच्या दिवशी वागलं होतं तसंच त्याला वागावं लागायचं. चहा, अंघोळी, पूजा, जेवणं, सगळं.

माझा या प्रकाराशी संबंध पोटापुरता. रविवार कारंज्याजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. बारशी, मुंजी, लग्नं हा माझा धंदा. पण सत्तरचं दशक संपत आलं त्या काळात पंचनाम्याचे फोटो काढायला पोलीस मलाच बोलवत. जन्मभर "हसा, हसा" म्हणत आलेल्या माणसाला हे काम. पहिल्याच प्रेतासमोर माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जरा मान वर." बाई म्हणाल्या, "सांगून बघा. ऐकतात कधीकधी." त्या चेष्टा करत होत्या की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

बाई ठेंगण्या होत्या. खाकी साडी, घट्ट अंबाडा, आणि कधीच न चढणारा आवाज. त्या काळी नाशकात बाई इन्स्पेक्टर म्हणजे नवलाईच. जीपमधून उतरल्या की बघे जमत आणि "फौजदारीणबाई आल्या" म्हणून मुलं ओरडत. बाईंचं लक्ष नसायचं. लग्न केलं नव्हतं. चहा बशीतून प्यायच्या, आणि खुनाच्या घरी कितीही आग्रह झाला तरी खुर्चीवर बसत नसत.

बागूल चांदवडकडचे. सहा फूट उंच, मिशा अशा की लहान मुलं दचकावीत. पण मयत झाले की हा माणूस आतून विझल्यासारखा बसायचा. मयत बाईमाणूस असेल तर बाई आपल्या पिशवीतून एक जुनी हिरवी साडी काढून त्यांच्या खांद्यावर टाकत. मग बागूल डोक्यावर पदर घेत, आणि आश्चर्य म्हणजे कुणालाही हसू येत नसे. शिपाई सय्यद बाकीच्या भूमिका करायचा. दूधवाला, पोस्टमन, पाहुणा. एका घरी त्याने दूध इतकं झोकात घातलं की घरमालकिणीने "उद्या अर्धा लिटर जास्त टाक" म्हणून सांगितलं. मला बहुतेक वेळा शेजारी करत. शेजाऱ्याला कोपऱ्यात उभं राहून घाबरायचं असतं, ते मला चांगलं जमायचं.

"घराला सवय असते," बाई म्हणायच्या. "माणूस खोटं बोलेल, पण त्याचे हातपाय रोजच्यासारखेच वागतात." चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या खुनात त्याचा पुतण्या शपथेवर सांगत होता की मी या घरात कित्येक वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. बाईंनी बागूलांना माजघरात बसवलं आणि पुतण्याला म्हणाल्या, "काकांना जरा पाणी नेऊन द्या." माजघराचं दार ठेंगणं होतं. मी आणि सय्यद दोघंही तिथं कपाळ फोडून घेऊन बसलो होतो. पुतण्या बोलता बोलता, वर न बघता, बरोबर वाकून आत गेला. आदल्याच वर्षी जुनं उंच दार पाडून ते नव्याने बसवलेलं होतं.

काम संपलं की आणखी एक गोष्ट व्हायची, आणि तिची मला फार भीती वाटायची. बागूलांनी तसंच उठून चालायचं नाही. मयताने दारात उभं राहून घराचा निरोप घ्यायचा. आणि निरोप घेताना "येतो" म्हणायचं नाही, "जातो" म्हणायचं. आपल्याकडे जिवंत माणूस "जातो" म्हणाला तर घरातल्या बायका कानावर हात ठेवतात. बागूल उंबऱ्यात उभे राहून घराला सांगत, "जातो." बाई मान हलवत. "एकदा आणून बसवलं की नीट पोचवायला नको?" मला म्हणाल्या होत्या.

मी एकदा बागूलांना विचारलं, मयताच्या जागी बसल्यावर काय वाटतं? ते तंबाखू मळत म्हणाले, "तसं काय नाय वाटत. फकस्त मी बसाया गेलो ना, का कुणीतरी सरकून जागा देतंय." त्यानंतर मी त्यांना काही विचारलं नाही.

आता लताचं सांगतो.

गोदावरीपलीकडच्या एका घरात लता नावाची सून जळून मेली. सकाळी चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला, असं सासू आणि नवरा दोघांनी सांगितलं. स्वयंपाकघरात स्टोव्ह कलंडलेला होता, शेजारी ती होती. कागद अपघाताचे तयार झाले. वरचे साहेब म्हणाले, आठवडाभरात मिटवून टाका. पण लताचे वडील पेठहून येऊन रोज ठाण्याच्या पायरीवर बसू लागले. ते कुणाला शिक्षा मागत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच सांगायचे, "माझी पोर वेंधळी नव्हती. वेंधळेपणाने मेली असं तेवढं लिहू नका."

बाईंनी माझ्याकडून सगळे फोटो मागवून घेतले. स्वयंपाकघराचे बाजूला सारले आणि मागच्या पडवीचा एक फोटो धरून बसल्या. तो मी असाच काढला होता, रीळ संपवायला म्हणून. त्यात नुकतीच सारवलेली जमीन होती आणि कोपऱ्यात एक घोंगडी, एक ताट, एक तांब्या. आम्ही सगळ्या पुरुषांनी तो फोटो पाहिला होता आणि कुणाला काही दिसलं नव्हतं. बाई फक्त म्हणाल्या, "उद्या सकाळी जाऊ."

सकाळी त्या घरात आम्ही गेलो तेव्हा बाईंनी घोंगडी पडवीत अंथरली, ताट-तांब्या शेजारी ठेवला, आणि बागूलांच्या खांद्यावर साडी टाकून त्यांना तिथं बसवलं. "रोजचं चालू द्या." नवरा ओसरीवर पेपर घेऊन बसला. सासू स्वयंपाकघरात देवाची भांडी घासू लागली. तेवढ्यात कुठूनसं एक पांढरं मांजर आलं, बागूलांना हुंगलं, आणि त्यांच्या मांडीवर अंगाचं वेटोळं करून झोपलं. दारात आलेली शेजारीण पुटपुटली, "लताचं हाय ते. ती गेल्यापास्नं कुणाकडं जात नव्हतं."

बाईंनी खूण केली. बागूल मांजर खाली ठेवून उठले, पदर सावरला, आणि पडवीतून हळूहळू स्वयंपाकघरात आले. ओट्यापाशी जाऊन त्यांनी स्टोव्हला हात घातला, तसा तो वाजला.

"शिवू नकोस!" सासू मागे न बघता कडाडली. "चौथा दिवस नाही झाला अजून, चालली आत! बाहेर हो आधी!"

बोलून झाल्यावर ती वळली. समोर मिशा असलेला हवालदार, डोक्यावर हिरवा पदर. तिच्या हातातली देवाची घंटा खाली पडली आणि घरंगळत बागूलांच्या पायापाशी गेली. ओसरीवर पेपरचा आवाज थांबला.

बाई तिच्याजवळ गेल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाजूला बसलेल्या सुनेला तुम्ही स्टोव्हला हात लावू देत नाही. मग त्या दिवशी चहा कुणी केला?"

पडवीचं सारवण उकरलं तर खाली जळकी माती निघाली. रॉकेल नवऱ्याने तिथं ओतलं होतं, आणि सगळं झाल्यावर तिला दोघांनी मिळून उचलून आत आणलं होतं. एरवी त्या चार दिवसांत तिच्या सावलीलाही न शिवणाऱ्या माणसांनी. याची मला अजूनही चीड येते.

पेठचे मास्तर, म्हणजे लताचे वडील, त्या दिवशी पायरीवरून उठले. बाईंना हात जोडले. बाईंनी त्यांना आधी लताच्या घरी बोलावून घेतलं होतं. त्यांच्या देखत बागूल उंबऱ्यात उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "जाते." मास्तरांनी तेवढं ऐकून मान खाली घातली होती.

त्यानंतर नागपंचमीला बाईंचा निरोप आला, दुपारी क्वार्टरवर जेवायला या. गेलो तर आत बागूल पाटावर बसलेले, खांद्यावर तीच हिरवी साडी. मला वाटलं, आता इथं कोण मेलं? पाय दारातच अडले.

"या, घाबरू नका," बाई म्हणाल्या. "आज तपास नाही." त्यांनी बागूलांच्या ताटात पुरणाचे दिंड वाढले, वर तुपाची धार धरली. "घे गं. तुला आवडतात म्हणून केलेत." बागूल जेवत होते.

मग बाईंनी मला सांगितलं. पंचनाम्यात सांगावं तसं, सरळ. "माझी धाकटी, विमल. मालेगावला दिली होती. स्टोव्हचा भडका, असंच लिहिलं. तेव्हा मी पोलिसात नव्हते. नंतर गेले तर घर पाडलेलं, माणसं पांगलेली. तिचा तो दिवस मला लावता येत नाही. सासरी ती सकाळी उठून काय करायची, कुठं बसायची, मी कधी विचारलंच नव्हतं." त्यांनी बागूलांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. "पहिल्या नागपंचमीला माहेरी आली तेव्हा ही साडी घरी विसरून गेली. माहेरचं तिचं सगळं मला ठाऊक आहे. म्हणून नागपंचमीचा हाच दिवस लावते."

जेवणं झाल्यावर बाईंनी खण, नारळ, तांदूळ आणले. "मी ओटी भरू नये म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण भरणारं दुसरं कुणी उरलं नाही." सहा फुटांचे बागूल हवालदार उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पसरला. दोन मुलींचा बाप, त्याला ते बरोबर ठाऊक होतं. बाईंचे हात स्थिर होते. तांदळाचा एक दाणा खाली सांडला नाही.

बागूल उंबऱ्यापाशी गेले. बाई मागे उभ्या राहिल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण आता काय ऐकायचं ते त्यांनीच शिकवलेलं होतं.

बागूल थांबले. नारळ पदरात आवरला, वळून बाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, "येते गं, ताई."

मला वाटलं, बाई चिडतील. त्यांनी डोळे उघडले आणि बागूलांकडे पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. "दिवाळीला ये."

दिवाळीला मी फराळाला गेलो तेव्हा पाट मांडलेला होता. मी त्यावर बसायला निघालो तर बाईंनी दंड धरून मला बाजूला केलं. "तिथं नको. आली आहे ती," म्हणाल्या. बागूल अजून यायचे होते.