सात भागांचे आप्पा

आमच्या गल्लीतले आप्पा मगदूम भर चौकात माणसाची गचांडी धरतात, तीही सिग्नल हिरवा झाल्यावर. मागं बस बोंबलत असते, रिक्षावाले त्यांच्या खानदानाचा उद्धार करत असतात, आणि आप्पा स्कूटर आडवी घालून एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थाला विचारत असतात, "दुसऱ्या भागात सोडलंस? आन वर तोंड करून सांगतोस? लाज हाय का न्हाय?"

परगावच्या माणसाला वाटतं, बांधाचं भांडण असणार. भांडण असतं पुस्तकाचं. जाडजूड इंग्रजी पुस्तकांचं. त्यात राजे असतात, जादूगार असतात, आग ओकणारे ड्रॅगन असतात, नाहीतर मग तारे ओलांडून जाणारी यानं असतात. आप्पांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक आत आलं की ते आधी विचारतात, "वाचतोस काय?" मलकापूरहून एक मास्तर मोटारीचं वायसर न्यायला आले होते. आप्पांनी वायसर दिलंच नाही. हातात पहिला भाग ठेवला आणि म्हणाले, "ह्यो संपवा, मग वायसर." तिकडं मास्तरांचा ऊस वाळला म्हणतात. मी वाळताना पाहिला नाही. पण मास्तर पंधरवड्यात दुसरा भाग मागायला आले, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तरुणपणी आप्पा गडमुडशिंगीच्या तालमीत घुमलेले. त्यामुळं पुस्तक सुचवायची त्यांची पद्धत वस्तादाची. तुमची आवडनिवड विचारत नाहीत, तुमचा दम बघतात. माझा तर दंडही चाचपला होता. शेजारचा इंजिनिअर रोज कंपनीच्या बसनं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जातो. त्याला म्हणाले, "तुला नऊ भागांची यानाची गोष्ट. पिढ्यान् पिढ्या यान चाललंय, कुठं पोचतच न्हाय. तुला त्या बसची सवय हाय, जमंल." मुजावर वकिलांना अकरा भागांची मालिका दिली. तिच्यात सगळे एकमेकांना फसवतात. "वकिलाला ह्ये हलकं जाईल," असा शेराही मारला.

एका भागात संपणाऱ्या पुस्तकाचा मात्र त्यांना भयंकर संताप. "त्ये काय पुस्तक हाय? बस येईस्तवर खायचं बिस्कीट हाय!" वाचनालयात एका बाईंनी शंभर पानी कादंबरीची तारीफ केली, तर आप्पा असे कडाडले की बाईंनी सभासदत्व सोडलं. अनामत परत घ्यायलाही फिरकल्या नाहीत. आणि परदेशातल्या एका लेखकानं वर्षानुवर्षं शेवटचा भागच लिहिलेला नाही. त्याला आप्पा रोज सकाळी दात घासताना शिव्या देतात. ऐन झोपेत तो माणूस रोज दचकून उठत असणार, बिचाऱ्याला कारण कळत नसेल.

माझ्या वाट्याला आली काचेच्या बुरुजांची सात भागांची गोष्ट. प्रत्येक भाग वीट फोडायच्या लायकीचा. आणि वाचून सुटका नाही. प्रत्येक भाग संपला की आप्पांच्या घरी जाऊन तोंडी परीक्षा. फोनवर चालत नाही, दुकानात चालत नाही. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, खुर्चीवर बसायचं आणि गोष्ट सांगायची. जरा हळू बोललं की आप्पा खेकसणार, "पोटात काय न्हाय व्हय? मोठ्यानं!"

तीन भाग मी असे बोंबलून पास झालो. चौथ्यानं घात केला.

चौथ्या भागात म्हातारा राजा मरतो. मध्यरात्रीची मेजवानी असते, रानडुकराच्या मटणात विष असतं. मी अगदी रंगात येऊन सांगत होतो. राजा ताटावर कोसळला, आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "खोटं बोलतंय त्ये!"

आवाज काकींचा. आप्पांच्या बायकोचा. न्हाणीत पाय घसरून पडल्यापासून त्या आतल्या खोलीत खाटेवरच असतात.

"खोटं कसं, काकी? पुस्तकात आहे."

"त्यो राजा दिवस मावळल्यावर तोंडात पाणी बी घेत न्हाय! आन डुक्कर कुठनं आणलंस रं? झुणका-भाकरी खाल्ली त्यानं, चांगली उन्हं असताना. इख झुणक्यात हुतं."

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पा आढ्याकडं बघत होते.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काकींना इंग्रजी येत नाही. आप्पा रोज सकाळी त्यांना ही पुस्तकं वाचून दाखवतात, आणि वाचता वाचता कोल्हापुरीत आणतात. घर जैनांचं, कडक. सूर्य मावळला की चूल बंद. असल्या घरात परदेशी राजानं मध्यरात्री डुक्कर खायचं म्हणजे काय? आप्पांनी अख्खं राज्य दिवसाउजेडी जेवायला लावलं होतं. तिथले ड्रॅगनही पाणी गाळून पीत असणार.

"आप्पा, तुम्ही तरी सांगा की!" मी पुस्तक उघडून पान पुढं केलं.

आप्पांनी पान बघितलंसुद्धा नाही. "नापास! नीट वाचून परत ये."

माझं टाळकं सणकलं. आठशे पानं वाचलेला माणूस मी! बायकोच्या माहेरच्या लग्नातही कोपऱ्यात बसून वाचलं होतं, त्यापायी मेव्हण्यानं अजून बोलणं टाकलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी चौथा भाग काखेत मारला आणि आप्पांच्या दारात उभा राहिलो.

"हे घ्या तुमचं पुस्तक! मी नाही वाचणार."

"चौथ्या भागात सोडतोस? मर्दा, चौथ्या भागात?"

"सोडतो! खरं वाचलं तरी नापास करता, खोटं सांगू काय?"

"आवाज खाली कर!"

"इतके दिवस मोठ्यानं बोल, मोठ्यानं बोल, आणि आता खाली?" गल्लीतल्या खिडक्या पटापटा उघडल्या. मलाही चेव आला. "सात सात भाग कशाला मारता लोकांच्या माथी? सगळी गल्ली तुम्हाला बघून बोळ बदलते! एका भागाचं द्या की एखादं! एकदाच वाचीन, एकदाच येऊन सांगीन, मोकळा होईन!"

"एका भागाचं दिलं तर एकदाच येशील की रं!"

आप्पा हे ओरडूनच बोलले. पण ओरडणं संपायच्या आत त्यांचा चेहरा पडला. नको ते तोंडातून निसटल्यासारखा.

काकी पडल्या तेव्हा सगळी गल्ली आली होती. मीही मोसंबी घेऊन गेलो होतो. पायांवरून हात फिरवला, बऱ्या व्हाल म्हणालो आणि निघालो. मग हळूहळू सगळेच यायचे थांबले. आजारी माणसाकडं किती वेळा जाणार आणि बोलणार तरी काय? आणि आप्पांच्यासारखा माणूस कुणाच्या दारात जाऊन "येत जावा, तिला करमत न्हाय" म्हणेल? जीभ झडली तरी म्हणणार नाही. तो चौकात गचांडी धरणार.

"आता आत येतोस का तिथंच हुबा ऱ्हाऊन तमाशा करतोस?" आप्पा गुरगुरले. "चहा टाकतो. साखर पडंल तेवढी पडंल." आणि ते स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटू लागले.

त्या मोसंब्यांनंतर मी पहिल्यांदाच सोपा ओलांडून आतल्या खोलीत गेलो. काकी उशीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांनीच त्यांनी मला बस म्हटलं.

"काकी, काल तुम्ही मला नापास केलंत."

"मग? पास केला असता तर आज आला असतास व्हय?" त्या हसल्या. मग दाराकडं एक नजर टाकून आवाज उतरवला. "खरं सांगू काय? मला त्या बुरुजांचं न् यानांचं काय बी कौतुक न्हाय. निवांत डोळा मिटून पडावं वाटतंय. पर दुकान बंद करून आलं की ह्यास्नी घर खायला उठतंय. दिसभर भांडलेलं माणूस, हितं कुणाशी भांडणार? माझ्याशी भांडायचं सोडलंय त्यांनी, मी पडल्यापासनं. कुणी परीक्षेला येणार असलं की सकाळपासनं अंगात येतंय बघ. म्हणून मी बी आतनं एखादी काडी टाकती."

"काय कुजबुज चाललीया तिकडं?" स्वयंपाकघरातून डरकाळी आली.

मी तोंड उघडायच्या आधीच काकी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाचवा भाग मागतोय त्यो!"

भांड्यांचा आवाज थांबला.

"व्हय?" आप्पांनी विचारलं. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. एवढा हळू की सोप्यात बसलो असतो तर कानावरही आला नसता. "आत्ता देऊ, का चहा झाल्यावर?"