लवादाच्या अंगावरचा कोट

वाद दोघा शिंपी भावांच्या दुकानातल्या खिडकीचा होता. थोरल्याचं म्हणणं, कापड बेतायला उजेड लागतो, म्हणून वाटणीत खिडकीकडची बाजू त्याची. धाकट्याचं म्हणणं, सुई ओवायला जास्त लागतो. इतकी वर्षं थोरला बेतत होता, धाकटा शिवत होता आणि उजेड दोघांना पुरत होता. पण गिऱ्हाइकं कोटाची तारीफ नेहमी थोरल्यापाशीच करतात, या रागात धाकटा एकदा ‘वेगळं होऊ’ म्हणाला आणि थोरलाही तावातावाने ‘होऊच’ म्हणून बसला. आपल्याला बाही जोडता येत नाही, हे त्याला नंतर जेवताना आठवलं. आता ते सांगणार कोणत्या तोंडाने?

कोर्टात गेलात तर निकाल ऐकायला नातवंडंच उरतील, असं थोरल्याच्या बायकोने सुनावलं. तेव्हा लवाद नेमायचं ठरलं. दोघांना मान्य असा एखादा वकील. तो म्हणेल ते शेवटचं. वकील शोधायला भाऊ एकाच स्कूटरवरून निघाले. स्कूटरची वाटणी अजून व्हायची होती.

पहिले वकील भले गृहस्थ. लवादाचा दोन्ही पक्षांशी कसलाही व्यवहार नसावा, असं ते समजावत होते आणि थोरला त्यांच्या कोटाचा पडलेला खांदा बघत होता. अखेर त्याला राहवेना. त्याने कोट मागून घेतला, धाकट्याने तिथेच उसवायला घेतला. आठवड्याने तो कोट अंगावर असा काही बसला की वकिलांनी आणखी दोन शिवायला टाकले. मग ते खेदाने म्हणाले, “आता मी तुमचं गिऱ्हाईक झालो. लवाद दुसरा बघा.”

दुसऱ्या होत्या वकीलबाई. ‘त्यांच्या कोटाकडे बघायचंच नाही,’ अशी थोरल्याच्या बायकोची ताकीद होती. दोघे खाली मान घालून बसले. बाईंना वाटलं, पश्चात्ताप झालाय. पण त्या फाईल काढायला वळल्या आणि पाठीवरची शिवण दिसली.

“दादा, हे कुणी केलं असेल रे?” धाकटा कळवळून म्हणाला.

बाई गिऱ्हाईक झाल्या, पाठोपाठ त्यांचं सगळं ऑफिस झालं. काम एवढं वाढलं की भांडायला सुट्टीचा दिवसच काय तो उरला.

“तुम्ही वाटणी करताय की धंदा वाढवताय?” थोरल्याच्या बायकोने विचारलं.

तिसऱ्या वकिलांचा कोट मात्र निर्दोष निघाला. थोरल्याने खांदा पाहिला, कॉलर पाहिली, पाठ पाहिली. कुठे सुरकुती नाही. त्याने पुन्हा खांद्यापासून बघायला सुरुवात केली. वकिलांनी संमतीपत्र पुढे सरकवलं, पेनाचं टोपणही काढून दिलं. “दोघांनी सही करा. महिन्याभरात मोकळे व्हाल.”

थोरल्याने पेन हातात घेतलं. शेजारी धाकट्याने घसा खाकरला.

“दादा, यांची डावी बाही जरा लांब नाही वाटत तुला? अर्धा इंच?”

थोरल्याने बाहीकडे नीट पाहिलं. ती सुताभरही लांब नव्हती, आणि हे धाकट्याला त्याच्याहून जास्त कळत होतं.

“अर्धा कसला,” पेन खाली ठेवत तो म्हणाला, “चांगली पाऊण इंच आहे. साहेब, कोट काढता का जरा?”