एका ओळीत बसेल असं वाक्य

"तपशीलदोष," नातीने पुस्तकातून वाचलं. "या शब्दाचा वाक्यात उपयोग करा. दोन वाक्यं हवीत आजोबा. आणि बाई म्हणतात, वाक्य एका ओळीत बसलं पाहिजे. खाली लोंबलेलं चालत नाही."

कंट्रोलर पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. बस डेपोतली नोकरी संपून वर्षं झाली, तरी सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणत. धापा टाकत आलेल्या प्रवाशांना "गाडी गेली" असं तोंडावर सांगण्यात त्यांची हयात सरली होती. पण बायकोच्या बाबतीत 'गेली' हा शब्द त्यांच्या तोंडातून अजून निघाला नव्हता. चार महिन्यांपूर्वी ते लेकीकडे कायमचे राहायला आले, तेव्हापासून दूधवाला, बँक, लांबचे नातेवाईक, सगळ्यांना ते सांगायचं काम लेकीकडेच होतं.

"तपशील म्हणजे बारीकसारीक गोष्टी," ते म्हणाले. "मी म्हटलं, आमच्या लग्नात पाऊस होता, आणि आजी म्हणाली, पाऊस आदल्या दिवशी होता, तर तो माझा तपशीलदोष."

"आणि आजीचे?"

"तिचे नसतात. लिही. आजोबांचे तपशीलदोष आजी लगेच पकडते."

नातीने लिहिलं. बरोबर एका ओळीत बसलं.

दुसऱ्या वाक्याला कंट्रोलरांनी वेळ घेतला. हातातला मोजा उलटा केला, सुलटा केला. मग सावकाश म्हणाले, "आई सगळ्यांना आजीबद्दल सांगते, की झोपेत, शांतपणे, कुणाला काही त्रास न देता वगैरे, त्यात तपशीलदोष आहे."

"हे दोन ओळी घेईल."

"मग काप जरा."

नातीने कापलं. राहिलं ते असं: 'आई सगळ्यांना आजीबद्दल सांगते त्यात तपशीलदोष आहे.'

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी दोन्ही वाक्यांना बरोबरच्या खुणा केल्या, आणि मग त्यांच्या हातातलं पेन थांबलं. या मुलीची आजी वारली म्हणून आठवडाभर रजा दिली होती. वर्गाने उभं राहून शांतता पाळली होती. आणि इथे आजी चुका पकडते आहे!

"आजी घरी आहे का गं?" बाईंनी विचारलं.

नात खोटं बोलणारी नव्हती. "आई म्हणते नाही. आजोबा म्हणतात आहे. रोज सकाळी चहा करताना तिच्याशी बोलतात."

शेजारच्या बाकावर समोरच्या दारातल्या शेजारणीचा मुलगा बसत असे. शाळा सुटल्यावर अर्ध्या तासात शेजारीण दारात हजर.

"काका, मला आधीच शंका होती! परवा तुम्ही म्हणालात ना, हिला जिने झेपत नाहीत? तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, गेलेल्या माणसाला जिने कशाला झेपायला हवेत?"

कंट्रोलरांनी तोंड उघडलं. पण शेजारणीला श्वास घ्यायची सवय नव्हती.

"मायलेकींचं बिनसलं असेल. रागात माणूस काहीही बोलतं. माझ्या भावाने आम्हाला 'तुम्ही मला मेलात' म्हणून सांगितलं होतं, आता दर रविवारी जेवायला येतो. कुठे आहेत काकू?"

चार महिन्यांत बायकोबद्दल इतक्या आनंदाने कोणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते आवाज खाली आणून, नजर जमिनीवर ठेवून. कंट्रोलरांना त्या आनंदाचा मोह पडला.

"झोपलीय," ते म्हणाले.

"झोपू दे, झोपू दे. मी नंतर येते."

ती नंतर आली ती उंच पाठीची खुर्ची घेऊन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बरी. मागोमाग बाई आल्या. जिवंत माणसासाठी शांतता पाळली म्हणून त्यांना जातीने माफी मागायची होती. कंट्रोलरांनी चहा टाकला. काकूंना साखर किती लागते, असं शेजारणीने विचारलं, आणि त्यांनी उत्साहाने अर्धा चमचा सांगितलं. दोघी दबक्या आवाजात बोलत बसल्या, आतल्या बंद दाराकडे बघत. रिकाम्या खुर्चीपुढे चहाचा कप निवत होता.

तेवढ्यात लेक ऑफिसातून आली.

"या, या," शेजारीण कुजबुजली. "हळू बोला. आई झोपल्यात तुमच्या. झालं गेलं विसरा आता."

लेकीने खुर्ची बघितली, कप बघितला आणि वडिलांकडे बघितलं. पर्स खांद्यावरून काढायचंही तिला सुचलं नाही.

"बाबा, काय सांगितलंत तुम्ही ह्यांना?"

"काही नाही गं. झोपलीय म्हटलं."

"चार महिने मी एकटी सांगतेय सगळ्यांना. तुम्ही एकदा तरी माझ्या बाजूने बोला हो!"

बाईंच्या ध्यानात सगळं आलं. त्यांनी कप खाली ठेवला. शेजारीण आयुष्यात प्रथमच गप्प झाली.

"तू सांगतेस ते चूक आहे," कंट्रोलर म्हणाले. "झोपेत नव्हती ती. तू गाडीत होतीस, यायची होतीस. ती चांगली जागी होती. मला म्हणाली, 'बटणं वरखाली लावलीत, लोक काय म्हणतील?' मी खाली बघून बटणं नीट लावली. सगळी काढून पुन्हा लावली. वर बघितलं, तर..."

बाई हळूच उठल्या, शेजारणीला दंडाला धरून घेऊन गेल्या.

लेक त्या उंच पाठीच्या खुर्चीत बसली. बराच वेळ रडली. मग नाक पुसत म्हणाली, "कोणता शर्ट होता?"

"तू दिलेला. पिवळा."

"मी पिवळा कधी दिला? बदामी दिला होता."

"पिवळा."

"बदामी हो बाबा. मी स्वतः निवडला."

"अगं, मी घातला होता की तू? पिवळाच होता. विश्वास नसेल तर आईला वि..."

कंट्रोलर थांबले. लेकही थांबली. आतल्या खोलीत नात मोठ्याने पाढे म्हणत होती.

"बदामी असेल," कंट्रोलर म्हणाले. "ती गेली गं. आता कोणाला विचारणार?"