अंगाबरोबर बेतलेला डोंगर

माणसाला डोंगर मनापासून आवडतो. फक्त त्याला चढ नसावा, वळणं बेताची असावीत आणि वर पोचल्यावर कोणीतरी टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. निसर्गाने ही अपेक्षा आजवर पूर्ण केलेली नाही. (निसर्गाकडे तक्रार विभाग नाही.) ही उणीव भरून काढण्यासाठी आमची कंपनी स्थापन झाली. निवडक पाहुण्यांना आम्ही डोंगरातली गोल्फ आणि मोटार सहल अंगाबरोबर बेतून देतो. पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचं खरं माप चांगला शिंपी नजरेनेच घेतो, तसं आम्ही पाहुण्याचं घेतो. मी कंपनीत मुख्य मापाधिकारी आहे.

माप पाहुण्याला विचारून घ्यायचं नाही, हा आमचा पहिला नियम. विचारलं तर तो म्हणतो, "मला आव्हान हवं." असं म्हणणाऱ्यांपैकी शेकडा सत्त्याण्णव जणांना आव्हान नको असतं आणि उरलेल्या तिघांना प्रश्न नीट ऐकू आलेला नसतो. सबब माप बायकोकडून घेतलं जातं.

या मोसमात दोन साडू आले. थोरल्यांचा नळांचा कारखाना, धाकट्यांचा फरशांचा. एकाच न्हाणीघरात दोघांनी सुखाने नांदायला काहीच हरकत नव्हती, पण लग्न झाल्यापासून दोघांचं एकमेकांशी जे लागलं होतं ते सुटलं नव्हतं. थोरली बहीण माप द्यायला आली ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली आणि म्हणाली, "दोघांनाही जिंकवा."

"बाई, खेळात एक जण जिंकला की दुसरा..."

"ते तुमचं तुम्ही बघा. पैसे दोघांचे घेताय ना? मागे पत्त्यांवरून भांडले, तर दोन वर्षं आमचं येणंजाणं बंद होतं. मला बहीण एकच आहे हो."

आम्ही काम स्वीकारलं. कंपनीने आजवर कोणतंही काम अशक्य म्हणून नाकारलेलं नाही. (आगाऊ रक्कम न भरल्यामुळे नाकारलं आहे.)

प्रथम मोटारींबद्दल. दोघांकडेही वर्षानुवर्षं ड्रायव्हर असल्यामुळे स्टिअरिंग हातात धरण्याचा प्रसंग फक्त फोटोपुरता आला होता. त्यांना उघड्या टपाच्या दोन जुन्या, देखण्या गाड्या देण्यात आल्या. शेजारच्या सीटवर आमचा मार्गसोबती असतो. तो मूळचा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर असून त्याच्या पायाशी, शोभेच्या लाकडी फळीआड, दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच बसवलेला असतो. वळणावर पाहुणा डोळे मिटतो, त्या काळात स्टिअरिंगला एक बोट लावून मास्तर गाडी सांभाळतो आणि डोळे उघडताच म्हणतो, "काय वळण घेतलंत, साहेब!" (हे वाक्य दर तिसऱ्या वळणाला. प्रत्येक वळणाला म्हटल्यास संशय येतो, असा अनुभव आहे.)

शर्यतीसाठी डोंगराच्या कमरेभोवती पट्ट्यासारखा फिरणारा गोल रस्ता निवडला. एक गाडी डोंगराच्या या अंगाने सोडली, दुसरी त्या अंगाने, दोन्ही एकाच दिशेला. लांबच्या वळणावर दुसऱ्याची गाडी दिसली की प्रत्येकाला वाटे, बघा, कसा मागे पडलाय! गोल रस्त्यावर पुढे कोण आणि मागे कोण, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर असतं. विजयरेषा दोन आखल्या होत्या. दोघंही आपापल्या रेषेवर पहिले आले.

गोल्फचं काम त्याहून सोपं आहे. चेंडू ज्या खड्ड्यात घालायचा त्याच्याभोवतीच्या आमच्या हिरवळी सूपच्या बशीसारख्या खोलगट केलेल्या आहेत, म्हणजे चेंडूला खड्ड्याखेरीज दुसरीकडे जायला तोंड उरत नाही. तरीही काही पाहुणे चेंडू दरीत घालवतात. त्यांच्यासाठी टेकाडाआड चेंडूरक्षक बसवलेला असतो. त्याच्या खिशात पाहुण्याचं आद्याक्षर छापलेले चेंडू असतात. दरीत गेलेल्या चेंडूचा शोक न करता तो नवा चेंडू खड्ड्याजवळ ठेवतो. पाहुण्याचं माप मोठं असेल तर थेट खड्ड्यात.

दोन्ही साडू आगेमागे, आपापल्या लवाजम्यासह खेळत. खेळ संपला की प्रत्येकाच्या कानात दुसऱ्याचा वाईट आकडा हळूच सांगितला जाई. ते आपसात ताडून पाहतील, ही भीती नवख्या कर्मचाऱ्यांना वाटते. पण जिंकलेला माणूस हरलेल्याला आकडा विचारत नाही. त्याला फक्त त्याची कीव येते. परिणामी थोरले स्वतःच्या हाताने धाकट्यांना सूप वाढू लागले. धाकटे थोरल्यांच्या पाठीमागे उशी ठेवू लागले. "दमला असशील रे," "तुम्ही बसा हो, मी बघतो," असे उद्गार जेवणघरात ऐकू येऊ लागले. पलीकडच्या कोचावर दोघी बहिणी पाय वर घेऊन पोरींसारख्या खिदळत होत्या. थोरली मला म्हणाली, "तुमचं भलं होवो." आमच्या धंद्यात बिलं मिळतात, असले शब्द मिळत नाहीत. मला खरंच बरं वाटलं.

सहल अशी कडेला लागत असताना तो प्रकार घडला. दरीपलीकडच्या हिरवळीच्या दिशेने थोरल्यांनी चेंडू मारला. टेकाडाआडच्या रक्षकाच्या बुटात त्याच वेळी खडा गेला होता. तो बूट हातात घेऊनच, लंगडी घालत माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक.

"साहेब, मी काही केलं नाही."

"म्हणजे चेंडू ठेवायचा राहिला?"

"ठेवायची वेळच आली नाही. तो गेला."

"दरीत?"

"खड्ड्यात. आपला आपण."

कंपनीच्या इतिहासात असं कधी घडलेलं नव्हतं आणि नियमावलीत याची तरतूद नाही. थोरल्यांचा एका फटक्यात खड्ड्यात गेलेला हा सहलीतला चौथा चेंडू असल्यामुळे कर्मचाऱ्यांनी ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. (टाळ्या, मध्यम. पहिल्या वेळेला मोठ्या असतात.) काठ्यांची थैली वाहणारा कॅडी जांभई आवरत म्हणाला, "काय फटका, साहेब!" थोरल्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते. हा फटका वेगळा लागला, हे हातांना कळलं होतं.

संध्याकाळी त्यांनी मला खोलीत बोलावलं. दार लावलं. नळांचे भाव ठरवताना ज्यांचा आवाज कारखान्याच्या फाटकापर्यंत जात असे, ते गृहस्थ कुजबुजत होते.

"एक विचारू? आजचा तो... दरीवरचा. तो गेला ना? म्हणजे, खरंच गेला ना?"

मला गप्प बसता आलं असतं. गप्प बसण्याचाच मला पगार आहे. पण त्यांचा चेहरा पाहवेना. म्हटलं, "साहेब, शपथेवर सांगतो. आजचा खरा होता."

काय फुलला तो माणूस! त्यांनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी आलं. हसू ओठांवर आलं, गालांपर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं.

"आजचा खरा होता म्हणजे?"

मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं, सागवानी.

"आधीचे तीन?" ते म्हणाले. मग सावकाश, एकेक शब्द तोलत, "आणि ती शर्यत? आणि धाकटा?"

तेवढ्यात बाई शाल घेऊन आल्या. दोघांचे चेहरे पाहून दारातच थांबल्या. "अहो, काय झालं?"

पलीकडच्या खोलीतून धाकट्यांचं गुणगुणणं आणि धाकटीचं हसू ऐकू येत होतं. थोरल्यांनी ते ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"काही नाही," ते म्हणाले. "हे म्हणतायत, आजचं फार छान झालं."

"आजचंच का? रोजच छान होतंय की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शाल त्यांच्या खांद्यांवर नीट बसवली.

"रोजच," थोरले म्हणाले. मग माझ्याकडे वळून, कारखान्याच्या आवाजात, "तुमची काहीतरी गफलत होतेय. बाकीचे सगळे मी मारलेत. आजचा तेवढा नशिबाने गेला."

उभ्या आयुष्यात स्वतःच्या हाताने मिळवलेला तो एकच चेंडू, आणि तो त्यांनी असा सोडून दिला. मला फार वाईट वाटलं. (वाईट वाटण्याचा भत्ता नाही.) अनधिकृत सत्यकथनाबद्दल मला कंपनीने लेखी समज दिली, ती योग्यच होती. पुनरावृत्ती टाळण्यासाठी आता सर्व खड्ड्यांवर पारदर्शक झाकणं बसवली असून परवानगीशिवाय चेंडू आत जाऊ शकत नाही. दोन्ही साडवांनी पुढच्या मोसमाचं आरक्षण केलं आहे. थोरल्यांच्या बिलात मोठ्या टाळ्या धरल्या आहेत, त्यांच्याच सांगण्यावरून.

या यशामुळे मध्यमवर्गासाठी एक स्वस्त सहल काढावी असं ठरलं आणि कंपनीने घरोघर पाहणी केली. तुमच्याकडेही आमचा माणूस येऊन गेला. (वीजमीटर बघायला आलेला.) अहवाल निराशाजनक आहे. तुमचा तोच विनोद तुमच्या घरी दर वेळी नव्याने हसून घेतला जातो. तुम्ही गायलेलं गाणं, तुम्ही शोधलेला जवळचा रस्ता, ऑफिसात साहेबाला तुम्ही कसं तोंडावर सुनावलंत त्याची हकिगत, सगळ्याला वेळच्या वेळी टाळ्या आहेत. मध्यम, पण टिकाऊ आणि फुकट. अशा बाजारात आमच्यासारख्या कंपनीला वाव नाही, सबब प्रस्ताव मागे घेण्यात आला आहे. तुम्हाला खातरजमा करायचीच असेल तर आज घरी खुशाल विचारा की, परवा मी म्हटलेलं गाणं खरंच आवडलं होतं का. "हो, परवाचं खरंच आवडलं होतं," असं उत्तर आलं, तर मात्र पुढे काही विचारू नका. हात धुवा आणि जेवायला बसा.