उकंडकाकांचं अर्जंट काम

उकंडकाकांच्या डोक्यावर एकही केस नाही. तरी महिन्यातून दोनदा ते कटिंगसाठी दारव्ह्याला जात.

"काका, कटिंग कशाची?" मी विचारायचो.

"म्हनूनच तं जा लागते. न्हावी काय म्हन्ते ते पाहाले. लिव तू. अर्जंट."

हे मला लिहावं लागायचं, कारण गावात गाडी बोलवायचं काम माझ्याकडे आहे. आमच्या गावाला एसटी येत नाही. ती तीन किलोमीटरवरच्या फाट्यावरून निघून जाते. आता आदल्या दिवशी नावं नोंदवली की छोटी गाडी थेट चौकात येते. लोक तिला फोनगाडी म्हणतात. अट एकच : किमान चार माणसं. एकदा आम्ही एक खोटं नाव घालून पाहिलं. ड्रायव्हरनं डोकी मोजली आणि आठवडाभर गावाची नोंदणी बंद!

मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मीच, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली आहे. त्यामुळे फॉर्ममधला कुठलाही रकाना मी मनापासून भरतो. फोनगाडीच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे : 'प्रवासाचे कारण'.

या रकान्याचा उकंडकाकांनी पार चोथा केला.

काका पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार होते. बायको गेली, मुलगा पुण्याला. सोमवार, बुधवार, शुक्रवार काका फोनगाडीत असणारच, आणि दर वेळी कारण नवं. "वजन कराचं हाय." "कोथिंबीर पाहाची हाय." घ्यायची नाही का, म्हटलं, तर "आंधी पाहून तं येऊ दे, ग्रॅज्युएट!" आणि काहीच सुचलं नाही की ठरलेलं : "स्टँडवरच्या घड्याळासंग माह्यं घड्याळ मिळवाचं हाय. लिव, अर्जंट."

मी लिहायचो. पण डोकं फिरायचं. म्हातारा सरकारी गाडीत हवा खात फिरतो, असंच मला वाटायचं.

मग यवतमाळला आमचं प्रशिक्षण झालं. तिथं एका साहेबांनी बजावलं की निरर्थक नोंदी टाकू नका. मी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि मंगळवारी काका आल्यावर सरळ सांगितलं, "घड्याळ मिळवणं हे कारण होत नाही. खरं काम असेल तर सांगा."

"अर्जंट हाय ना बापा," काका एवढंच म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. ते गेले.

बुधवारी सकाळी कॉम्प्युटरवर मेसेज आला : गाडी रद्द. मी सांगायला चौकात गेलो. कॉलेजच्या दोन मुली माझं ऐकताच दप्तर सावरून फाट्याकडे चालू लागल्या. पारावर सुनंदा बसली होती. लहानपणी पोलिओ झाला, पायात कॅलिपर. सोमवार, बुधवार, शुक्रवार दारव्ह्याला शिलाईच्या वर्गाला जाते. वेणी घालून, पिशवीत कापड घेऊन तयार. शेजारी काका, तेही इस्त्रीच्या सदऱ्यात तयार. माझ्या नकाराचं त्यांनी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं.

सुनंदानं बोटं मोजली. "मी, त्या दोघी... आन काका?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "काकाचं नाव नाही टाकलं?"

मी माझी मोटरसायकल काढतो म्हटलं. ती म्हणाली, "मोटरसायकलवर पाय वाकते काय माह्या? हा दुसरा खाडा झाला दादा. तिसऱ्या खाड्याले नाव कटते."

फाट्यापर्यंत चालणं त्या दोघींना जमत होतं. हिला नव्हतं. एवढं साधं गणित मला, पदवीधराला, जमलं नव्हतं.

संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. "मले सांगितलं काहून नाही?"

"तुह्या रकान्यात मावलं असतं काय?" काका चूल फुंकत म्हणाले. "आन उपकार-गिपकार समजू नोको. घरी भित्तीसंग बोलून राह्यलो असतो. गाडीत तीन पोरी असतात. सुनंदा तं मले तोंडच उघडू देत नाही, इतकी बडबडते. बेस वाटते."

आणि गुरुवारी नेमका काकांना ताप भरला. शुक्रवारसाठी तीन नावं झाली. गावात दोनचार घरी विचारलं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत कोण येणार? शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी माझंच नाव घातलं. कारणाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला. पंधरा वर्षं शिकलेला माणूस, एक कारण सुचेना. लिहिलं : 'स्टँडवरच्या घड्याळाशी घड्याळ मिळवणे.'

गाडीत खिडकीशी बसायला गेलो, तर सुनंदा ओरडली, "ते काकाची जागा हाय! तुम्ही इकडं बसा."

दारव्ह्याला ती वर्गात गेली, मुली कॉलेजात. परतीच्या गाडीला चार तास होते. वजन केलं. कोथिंबीर पाहिली. मग स्टँडच्या बाकड्यावर बसलो. शेंगदाणेवाल्यानं विचारलं, "आज बुढेबाबा नाही आले?" तेव्हा मी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं. काट्यांवर चांगली जुनी धूळ होती.

परत आल्यावर काकांकडे गेलो. ते घोंगडी पांघरून खाटेवर पडले होते.

"गेलती पोरगी?"

"गेली."

"आन घड्याळ?"

"दहा मिनिटं मागं हाय काका तुमचं."

काकांनी घोंगडी बाजूला केली आणि उठून बसले.

"मंग सोमवारी जाच लागते," ते म्हणाले. "लिव. अर्जंट."