ऑक्टोपसची आठ हृदयं

बुधवारी दुपारी विज्ञानकाकांनी मजकूर लिहून संपवला, सवयीने समोरच्या खुर्चीकडे सरकवला आणि खुर्ची रिकामी आहे हे लक्षात आल्यावर गुपचूप परत ओढून घेतला. अकरा वर्षं ते एका वर्तमानपत्राच्या बालपानावर विज्ञानातल्या गमती लिहीत होते. दर रविवारी एक गंमत संशोधकाची, एक हवामानाची, एक प्राण्याची. पहिली आठ वर्षं त्यांची बायको सगळं मोठ्याने वाचून तपासायची आणि वर "जरा माणसासारखं लिहा" असंही सुनवायची. ती गेली आणि काकांच्या चुका काढणारं कोणी उरलं नाही.

त्या दिवशी ऑक्टोपसला तीन हृदयं आणि आठ हात असतात, हे लिहिताना आकड्यांची अदलाबदल झाली. बालपानाच्या उपसंपादक बाईंचा काकांवर इतका विश्वास होता की त्या त्यांचं लिखाण कधीच वाचत नसत. रविवारी आठ हृदयांचा, तीन हातांचा ऑक्टोपस घरोघरी पोचला.

पुढच्या बुधवारी काका कचेरीत गेले, तर शिपायाने हातात पत्रांचा गठ्ठाच ठेवला.

"काका, तुमचं टपाल."

"माझं? नीट बघा, शब्दकोड्यावाल्या बाईंचं असेल."

काकांचं तरी काय चुकलं? अकरा वर्षांत त्यांना एकच पत्र आलं होतं आणि तेही त्या बाईंचं निघालं होतं.

ही मात्र त्यांचीच होती. बावीस. एकाने विचारलं होतं, "काका, आठ हृदयं म्हणजे तो डॉक्टरकडे गेल्यावर केवढा वेळ लागत असेल?" दुसरीने लिहिलं होतं, "तुमचं चुकलं आहे. आईचंही हेच मत आहे. बाबांना माहीत नाही." काकांना लाज वाटली, पण ती कचेरीचा जिना उतरेपर्यंतच टिकली. घरी येऊन त्यांनी सगळी पत्रं मोठ्याने वाचली. त्या घरात इतकं बोलणं तीन वर्षांत झालं नव्हतं. मग त्यांनी बावीस जणांना बावीस उत्तरं लिहिली, तुझं बरोबर, माझं चूक. मुलांचं समाधान झालं आणि कोणी पुन्हा लिहिलं नाही.

नंतरचा मजकूर बिनचूक होता. एकही पत्र आलं नाही. तेव्हा काकांच्या मनात पाप आलं.

त्यांनी लिहिलं की आधी गडगडाट ऐकू येतो आणि मग वीज चमकते. पन्नास पत्रं आली. पुढच्या रविवारी लिहिलं की विजेचे दिवे सारखे जाऊ लागले, म्हणून वैतागून एका संशोधकाने मेणबत्ती शोधली. दोन पिशव्या भरल्या. एका शाळेने तर काकांची चूक शोधणं हा गृहपाठच करून टाकला. काकांच्या बोटांना उत्तरं लिहून घट्टे पडले आणि ते शेजाऱ्यांना उगाच दाखवत सुटले.

मग संपादकांचं बोलावणं आलं. संपादक काकांहून वीस वर्षांनी लहान होते, त्यामुळे रागावताना त्यांना अवघडल्यासारखं होत असे.

"काका, एका मुलाने परीक्षेत ऑक्टोपसला आठ हृदयं लिहिली. वर्गाच्या बाईंनी गुण कापले, तर त्याने उत्तरपत्रिकेवर आपल्या पानाचं कात्रण चिकटवलं. त्याचे वडील काल इथे तासभर बसले होते."

"मी त्या मुलाला पत्र लिहितो," काका आशेने म्हणाले.

"नका लिहू. हे मुद्दाम करताय का तुम्ही?"

काकांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "घरी कोणी नसतं हो," ते म्हणाले.

संपादक हळूच म्हणाले, "आणखी एक चूक निघाली, तर सदर बंद करावं लागेल. माझाही नाइलाज आहे." सदरात आता चूक होणार नाही, असा शब्द देऊन काका उठले.

त्या बुधवारी काकांनी प्रत्येक ओळ तीन-तीन पुस्तकांत पडताळून पाहिली. रविवारी सगळं खरं छापून आलं. पुढच्या बुधवारी शिपायाने त्यांना पाहून नुसती मान हलवली. त्याच्या पुढच्या बुधवारीही. काका घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावायचे, एका माणसाचा, आणि शिट्ट्या मोजत बसायचे.

तिसऱ्या बुधवारी शिपायाने एक पाकीट पुढे केलं. अक्षर मोठं होतं आणि ओळी खाली घसरत होत्या.

"काका, दोन आठवडे मी सगळं चार-चार वेळा वाचलं. एकही चूक सापडली नाही. तुम्हाला बरं नाही का?"

काका कचेरीच्या बाकावरच बसले. त्यांना रडू आलं आणि हसूही आलं. घरी जाऊन त्यांनी चार पानी उत्तर लिहिलं, की मी अगदी बरा आहे, आता गुडघाही फारसा दुखत नाही. सदरात चूक करायची नाही असा शब्द दिला होता, तो ते पाळणारच होते.

पत्रातल्या चुकीबद्दल मात्र संपादक काही बोलले नव्हते. काकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि शेवटी एक ओळ वाढवली, "ता.क. कोळ्याला सहा पाय असतात, हे तुला माहीत असेलच."